18 मायक्रॉनचं भोक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा आम्ही दुसऱ्यांची कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंग करून द्यायचो. स्वतःच्या नावाची कडबा कुट्टी, म्हणजे वैरण कापायचं मशीन, बरीच नंतर आली आणि तिच्यापाठोपाठ दोन डिझाइन इंजिनिअर. पोरं हुशार. थ्रीडी मॉडेल बघूनच डीलर खूश व्हायचे. फक्त मशीन विकून हातात काही उरत नव्हतं.

एकदा फिटरनं रीमर, म्हणजे भोक अगदी अचूक मापाचं करायचं हत्यार, आणून माझ्या टेबलावर आपटला. "मालक, झाकणाच्या खिट्टीला रीमर कशाला?" ड्रॉइंग बघितलं. 12 एमएमचं भोक, आणि मापात किती फरक चालेल त्याची खूण एच-सेव्हन. म्हणजे सगळा खेळ 18 मायक्रॉनच्या आत; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि खिट्टी हरवली की शेतकरी तिथं खिळा घालतो! पोराला विचारलं तर म्हणाला, "सर, जुन्या ड्रॉइंगवरून उचललं. भोक पाडायला किती पैसे लागतात हे कुणी सांगितलंच नाही."

खरं होतं. कॉस्टिंगची वही मी कपाटात कुलपात ठेवायचो. नफा दिसला की पगारवाढ मागतील ही भीती. (नफा होता कुठे, हा भाग वेगळा.) त्या आठवड्यात वही त्यांच्यापुढे ठेवली आणि दोघांना गाडीत घालून करवीर तालुक्यातल्या गोठ्यांवर नेलं. एका मावशींनी मशिनीत उसाचं वाडं सारता सारता ऐकवलं, "पाती बदलाय तीन पाने लागत्यात, घरात एकच हाय." परतीच्या वाटेवर दोघं बोल्टांवरूनच भांडत होते. पुढच्या ड्रॉइंगवर पात्यांचे आणि झाकणाचे सगळे बोल्ट 17 च्या पान्याचे, खिट्टीचं भोक साध्या ड्रिलचं.

मग काटकसरीचं वारंच शिरलं. त्यातल्या एकानं वैरण आत ओढणाऱ्या फीड रोलरच्या रिव्हर्सचा दांडाच काढून टाकला. हिशेब चोख होता, पैसे खरंच वाचत होते. पण वैरणीबरोबर हात आत ओढला गेला तर रोलर उलटा फिरवायला तोच दांडा लागतो. मी ड्रॉइंग परत केलं. तो चिडला, "सर, वही तुम्हीच दाखवलीत ना?" त्याचंही चुकलं नव्हतं. कुठं वाचवायचं नाही, ते सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय: झाकण, रिव्हर्स, पात्यांचं पोलाद, इथं हात आखडायचा नाही. आणि तो दांडा त्याच पोरानं वीतभर लांब केलाय, हात अडकलेल्या माणसाला गुडघ्यानं ढकलता येईल असा.