समुद्र आणि डोंगर, मुक्काम माहेरी

माझं माहेर चिपळूणचं. गणपतीला तिकडे जाऊन आले की मैत्रिणी हमखास विचारतात, एवढ्याशा सुट्टीत समुद्र आणि डोंगर दोन्ही कसं जमतं, राहता कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राहायचं घरीच. सकाळी निघायचं, रात्री आईच्या हातचं जेवायला परत. पण समुद्राचा दिवस वेगळा, घाटाचा वेगळा.

समुद्राचा दिवस मी तिथी बघून ठरवते. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. म्हणून अनंत चतुर्दशीच्या सुमारास मार्गताम्हाने, शृंगारतळी करत आधी हेदवी गाठायची. दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन भरतीच्या वेळेला बामणघळीपाशी पोहोचायचं. खडकात लांब चीर आहे. लाट तिच्यात घुसते आणि पाण्याचा खांबच्या खांब वर उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल. खडक निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका. संध्याकाळी गुहागर. तोवर पाणी ओसरून किनारा मोकळा झालेला असतो. उकडीचे मोदक हवे असतील तर खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

घाटाचा दिवस माझा जास्त लाडका. कुंभार्ली चढून हेळवाकला वळलं की कोयनानगर, आणि पुढे नवजाजवळ ओझर्डे धबधबा. गणपतीत तो भरात असतो. पण मला बघायचं असतं ते धरणामागचं पाणी. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी खरं बंगालच्या उपसागराचं. त्यातलं काही सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, वीज करून वाशिष्ठीत येतं, आमच्या गावातून वाहतं आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. ऐन मे महिन्यातही वाशिष्ठीला पाणी दिसतं ते यामुळे. माहेरच्या नदीचं पाणी डोंगरापलीकडून येतं, हे मुलांना धरणासमोर उभं करून सांगायला मला फार आवडतं.

घाटात ट्रक पुष्कळ, धुकंही उतरतं. उजेड असतानाच खाली या. एकच दिवस हाताशी असेल तर मी कोयना सांगेन. बरोबर गाडी लागणारी मुलं असतील, तर मात्र सरळ गुहागर.