युटात आरव्ही, आईची मालिका आणि बाबांची कसोटी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पंचवीस फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, आणि आम्ही पाच जण. लास व्हेगासहून अमेरिकेतल्या युटा राज्यातली राष्ट्रीय उद्यानं, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आणि शेवटी मोआब गाव. साताऱ्याहून आलेल्या आईची अट एकच होती, मालिका चुकता कामा नये. बाबांची कुरकुर नव्हती, फक्त "कसोटी सुरू आहे हं" एवढं त्यांनी दोनदा सांगून ठेवलं.

आधी घड्याळाचा हिशोब. ऑक्टोबरात युटा भारताच्या साडेअकरा तास मागे असतं. तिकडची रात्री साडेआठची मालिका इकडे सकाळी नऊला येते, चहाबरोबर. भारतातली क्रिकेटची कसोटी मात्र सकाळी साडेनऊला सुरू होते, म्हणजे इकडे रात्रीचे दहा. कॅम्पग्राउंडमध्ये तेव्हा सगळं चिडीचूप असतं.

झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडला आम्हाला विजेची जागा मिळाली होती. वायफाय नाही, रेंज येऊन-जाऊन. शेजारच्या स्प्रिंगडेल गावात कॉफी पीत आईचे आठवडाभराचे भाग झी५वर डाउनलोड करून घेतले, लेकीचे दोन सिनेमेही. हे काम घरूनच करून निघा, आणि निघण्याआधी एअरप्लेन मोड लावून प्रत्येक फाइल खरंच उघडते का ते बघा. काही सिनेमे एकदा सुरू केले की अठ्ठेचाळीस तासांत संपवावे लागतात, हे लेकीला अर्ध्या सिनेमावर कळलं. प्राइमचं खातं भारतातलं असेल तर अमेरिकेत निम्मी यादी गायब दिसते, त्यावर भिस्त ठेवू नका.

ब्राइसला उलटी तऱ्हा. नॉर्थ कॅम्पग्राउंडला रेंज बरी होती, पण वीज नाही. जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच लावता येतो. आमच्या गाडीत छोटा इन्व्हर्टर होता, त्यामुळे गाडीच्या बॅटरीवर टीव्ही चालायचा (भाड्याच्या कित्येक गाड्यांत तोही नसतो, विचारून घ्या). रात्री दहाला बाबांनी फोनच्या हॉटस्पॉटवरून टीव्हीवर विलो, म्हणजे इकडचं क्रिकेटचं चॅनल लावलं. पहिलं सत्र झालं, दुसरंही झालं. आम्ही गुडुप झोपलो. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे तीनला पायाला गार लागलं म्हणून उठलो तर हीटर बंद. गॅस भरपूर होता, पण हीटरचा पंखा चालतो गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, आणि ती कसोटीने पिऊन टाकली होती. आठ वाजेपर्यंत पाचही जण एका पलंगावर, सगळ्या रजया अंगावर. बाबा हळूच म्हणाले, "पण विकेट छान काढली रे."

म्हणून वीज नसलेल्या जागी टीव्ही लावूच नका. टॅब्लेट दिवसा चार्ज करून ठेवा आणि रात्री त्यावरच बघा. डेटाचंही तसंच. नेटफ्लिक्सला एचडीत तासाला साधारण 3 जीबी लागतात, साध्या दर्जात 1 जीबी. प्लॅन 'अनलिमिटेड' असला तरी हॉटस्पॉटचा कोटा बहुतेक वेगळा असतो. तो संपला की चक्र नुसतं गरगरत राहतं.

कॅपिटल रीफच्या फ्रुटा कॅम्पग्राउंडला आमच्या फोनला काहीच मिळालं नाही. चहूबाजूंनी लाल कडे, मधे सफरचंदाच्या बागा. शेजाऱ्याकडे स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट घेणारी थाळी होती, पण डोक्यावर कॉटनवुडची गर्द झाडी, त्यामुळे बिचारा थाळी घेऊन मोकळं आभाळ शोधत लांब केबल ओढत फिरत होता. थाळी नेणार असाल तर जागा बुक करतानाच झाडं किती आहेत ते बघा. आई निवांत होती. डाउनलोड केलेले भाग, शेजारी तोडून आणलेली सफरचंदं.

मोआबच्या खाजगी पार्कात सगळं होतं, वीज, पाणी, वायफाय. पण संध्याकाळी सात ते दहा प्रत्येक गाडीत कुणीतरी काहीतरी बघत असतं, तेव्हा आशा सोडा. डाउनलोड पहाटे पाचला लावले, सरसर उतरले. तिथेच छताच्या अँटेनाचा शोध लागला. टीव्हीशेजारी भिंतीवर एक पिटुकलं बटण असतं, ते दाबलं की हिरवा दिवा लागतो, मग टीव्हीत चॅनल स्कॅन करायचं. गाव बदललं की स्कॅन पुन्हा. इतके दिवस टीव्ही व्हेगासची चॅनलं शोधत निळा पडून होता! अँटेना हँडलने वर करायची असेल तर निघताना खाली करायला विसरू नका. लेकीने स्टिअरिंगला चिठ्ठीच चिकटवली होती.

फोनवरून टीव्हीवर दाखवणारी एचडीएमआयची वायर घरी एकदा लावून बघा, प्रत्येक फोन तसं चित्र देत नाही. आमच्या फोनने नाही दिलं.

गाडी परत करताना जनरेटरचे तास मोजून पैसे लावले. चार तास झाले होते. ब्राइसची बॅटरी भरायला त्यातले तीन गेले, आणि ती पावती बाबांनी आठवण म्हणून पाकिटात ठेवली आहे.