पाऊणकी आणि गुहागर

गुहागरला बघायचं काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. लांबच लांब सरळ किनारा, व्याडेश्वर, दुर्गादेवी, आणि दुपारी जेवणं झाली की झोपलेलं गाव. मुख्य रस्ता एकच, तोही समुद्राला समांतर. समुद्राकडच्या अंगाच्या घरांचं पुढचं दार रस्त्यावर, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक, आणि पलीकडे सुरूची झाडं नि वाळू. जेवायला किती पानं ते सकाळीच सांगायचं. ऐनवेळी मेतकूट-भात मिळेल, पण तोही उपकार म्हणून.

हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीला पाणी उसळतं ती कातळातली भेग, सकाळीच उरकू, म्हणजे दुपार मोकळी, असा आमचा बेत होता. उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तो चहा ओतता ओतता मोडीत काढला. "आज पंचमी ना? पाच पाऊणे पावणेचार. अडीचला निघा. आत्ता जाऊन काय, दगड बघणार?"

तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चंद्रापायी भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पाऊण तास धरला की हिशोब तोंडी होतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, घोकून घेणाऱ्या मास्तरांनी तिचा हा उपयोग सांगितला असता तर आम्ही जरा कमी रडलो असतो.

मग सकाळ ओहोटीला दिली. ओल्या वाळूत भोकं, आणि भोकांभोवती मोहरीएवढ्या-मिरीएवढ्या गोळ्यांची नक्षी. नखाएवढा खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतो. आपली सावली पडली की गडप. बराच वेळ उकिडवं बसलं की पुन्हा कामाला लागतो.

दुपारी हेदवीला उमामहेश्वराच्या देवळापुढच्या काळ्या कातळावर गेलो. कातळात एक अरुंद, खोल भेग, बस्. लाट आत शिरते, पुढे जायला वाव नाही, मागून दुसरी रेटते. आधी पायाखाली धडधड होते आणि मग पाणी सरळ वर उसळतं. कड ओली असते, तेव्हा लांबूनच बघावं. आमच्याआधी, पाणी चढायच्या आत आलेलं एक कुटुंब "काही विशेष नाही हो" म्हणत गाडीकडे निघालं होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त उडतं म्हणतात. उडेलही. पण तेव्हाची भरती ऐन बाराच्या सुमाराची, आणि त्या कातळावर सावली औषधालाही नाही. मला विचाराल तर चतुर्थी-पंचमी गाठा, आणि जेवणाचं सकाळी सांगून ठेवा.