ब्रसेल्समध्ये सहा ग्लास: बेल्जियन बिअर, सोबतचं खाणं आणि जाण्याआधी माहीत असावं असं बरंच काही

ब्रसेल्समध्ये बिअर टेस्टिंगच्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्यातलं कुठलं घ्यावं हे ठरवताना किमतीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: एकूण किती बिअर आहेत आणि प्रत्येकीबरोबर खायला काय आहे. ‘दोन तासांत दहा बिअर, सोबत चिप्स’ असं उत्तर आलं तर सोडून द्या. चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर जीभ थकते आणि पुढचं नुसतं पिणं होतं. इथे ज्या सत्राचं वर्णन आहे ते ग्राँ प्लास या शहराच्या मुख्य चौकाजवळच्या एका कॅफेच्या तळघरात, दुपारी तीन ते सहा असं होतं. माणसं दहा, बिअर सहा, प्रत्येकी साधारण १२-१३ सेंटिलिटर, आणि प्रत्येक बिअरबरोबर खाण्याची एक छोटी बशी. नवख्या माणसाला हे प्रमाण अगदी बरोबर आहे.

प्रमाणाचा आग्रह का, तर आपल्याकडच्या सवयीचा अंदाज इथे चुकतो. आपली नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते. इथे सहा-सात टक्के म्हणजे हलकी आणि नऊ-दहा टक्के अगदी सर्रास. रोशफोर १० ही बिअर ११.३ टक्क्यांची आहे. तिच्या ३३ सेंटिलिटरच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या जवळजवळ दीड लार्ज पेगइतकं अल्कोहोल असतं. आमच्या सहा छोट्या ग्लासांचा हिशेब दोन लार्जच्या थोडा वर गेला. त्याच सहा बिअर पूर्ण बाटल्यांनी घेतल्या असत्या तर तो सहा लार्जच्या जवळ गेला असता. आणि ही बिअर गोडसर, फेसाळ आणि घशाखाली सहज उतरणारी असल्यामुळे चढते आहे हे उशिरा कळतं. म्हणून त्या दिवशी दुपारचं जेवण चुकवू नका, आणि सत्रानंतर लगेच ट्रेन पकडायची आहे असा बेत करू नका.

सकाळ मोकळी असेल तर सत्राआधी कांतियों बघून घ्या. मिदी स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, आंदरलेख्त भागात १९०० साली सुरू झालेली ही ब्रुअरी आहे. १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही खुली आहे, पण काम बंद पडलेलं नाही. स्टेशनच्या परिसरात खिसेकापूंपासून जपा, पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. उघडण्याचे वार आणि वेळा आदल्या दिवशी तपासा, कारण ही रोज उघडी राहणारी जागा नाही.

इथे बनते ती लांबिक. तिच्यात यीस्ट बाहेरून घालत नाहीत. बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आणि मोड न आणलेला गहू यांचा काढा कित्येक तास उकळतात. त्यात मुद्दाम वर्षानुवर्षं जुने केलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, घालतात, कारण त्यांचा कडवटपणा गेलेला असतो पण बिअर टिकवण्याचा गुण शिल्लक असतो. मग हा काढा पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं आणि इमारतीतलं जंगली यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. सकाळी काढा लाकडी पिंपात जातो आणि तिथे एक ते तीन वर्षं राहतो. हे सगळं फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. उन्हाळ्यात काढा रात्रभरात पुरेसा गार होत नाही आणि नको ते जिवाणू माजतात. पिंपांच्या दालनात कोळ्यांची जाळी दिसली की नाक मुरडू नका, ती मुद्दाम काढत नाहीत. गोड रसावर येणारे किडे कोळी खातात.

एक, दोन आणि तीन वर्षांच्या लांबिकचं मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवलं की ग्योझ होते. पहिला घोट बहुतेकांना धक्का देतो: कडक आंबट, कोरडी, वास थोडा तबेल्याकडचा. पहिल्या घोटावर मत बनवू नका. जिभेला आंबटपणाची सवय दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला होते आणि मग लिंबाची साल, हिरवं सफरचंद, लाकूड असं एकेक वर येतं. ग्योझबरोबर ब्रसेल्समधला जुना जोड म्हणजे काळसर ब्रेडच्या तुकड्यावर प्लाटेकास. आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं हे ताजं चीज असतं आणि वर मुळ्याच्या चकत्या, पातीचा कांदा, मिरपूड. चीजचं स्निग्धपण बिअरचा आंबटपणा बोथट करतं. चीजमुळे तोंड जड होतं न होतं तोच पुढचा घोट ते धुऊन काढतो. कॅफेत हे सहज मिळतं, आणि शाकाहारी माणसाला या शहरातलं सगळ्यात बिनघोर खाणं हेच.

ग्योझ सकाळी उरकण्यामागे कारण आहे. सहा बिअरच्या ओळीत ती मधे आली तर नंतरच्या दोन तरी बिअर पाणचट लागतात. आमच्या सत्रात ती नव्हतीच, आणि ते चांगलं झालं. लांबिकला वेगळा वेळ द्यावा. सकाळी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी एखाद्या कॅफेत मागा, पण मागताना नावात ‘आउड’ म्हणजे जुनी असं लिहिलेलं बघा. आउड ग्योझ, आउड क्रीक. क्रीक ही आंबट चेरी घातलेली लांबिक. ‘आउड’ नसलेली क्रीक बऱ्याचदा साखर घातलेली, सरबतासारखी गोड निघते. गोड हवी असेल तर काही बिघडत नाही, फक्त एक मागून दुसरीच हातात यायला नको.

आता सत्राकडे. मार्गदर्शक कसा आहे हे पहिली बाटली उघडतानाच कळतं. आमच्या मार्गदर्शकाने प्रत्येक ग्लास आधी थंड पाण्यातून काढला, पुसला नाही. ओल्या काचेवर फेस एकदम उसळत नाही. मग ग्लास तिरका धरून बिअर कडेने सोडली, अर्ध्यावर ग्लास सरळ केला, आणि शेवटी बाटली थोडी उंच नेऊन दोन बोटं फेस बांधला. बाटलीत एक सेंटिमीटर बिअर मागे ठेवली. तिथे यीस्टचा गाळ असतो, तो ग्लासात गेला तर बिअर गढूळ आणि कडवट होते. गव्हाच्या पांढऱ्या बिअरला मात्र उलटा नियम. शेवटचा भाग बाटलीतच गोल फिरवून गाळासकट ओततात, कारण तिचा धूसर रंग आणि मऊपणा त्यात असतो.

फेसाबद्दल आणखी एक. तळलेलं खाऊन तसेच ओठ लावले की फेस डोळ्यांदेखत बसतो, कारण तेल बुडबुड्यांच्या भिंती फोडतं. लिपस्टिकनेही तेच होतं. आधी खा, ओठ पुसा, मग घोट घ्या. मेयोनेजमध्ये बुडवलेल्या फ्राइजबरोबर तर हे विसरूच नका.

सुरुवात गव्हाच्या बिअरने झाली. होगार्डन, ४.९ टक्के, धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल घातलेली. ही जात जवळजवळ संपली होती. १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी होगार्डन गावात ती पुन्हा बनवायला घेतली. सोबत छोट्या राखाडी कोळंबीचे क्रोकेट्स आणि लिंबाची फोड. बाहेरून कुरकुरीत, आतून दाट, दुधाळ सारण. बिअरमधला संत्र्याचा वास लिंबाला धरून येतो आणि बुडबुडे तळणाचा थर कापतात. दुसरी सेझों ड्युपों, ६.५ टक्के, मिरीसारखी झणझणीत आणि कोरडी. शेळीच्या दुधाच्या ताज्या चीजबरोबर ती ठीक होती, त्यापलीकडे फार बोलण्यासारखं नाही.

तिसरी ओर्व्हाल, आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर गेला. ही ट्रापिस्ट बिअर आहे, म्हणजे मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेली, आणि नफा मठाच्या खर्चाला व दानधर्माला जातो. बेल्जियममध्ये आता अशा पाच: वेस्टमाल, वेस्टफ्लेटरेन, शिमे, रोशफोर आणि ओर्व्हाल. बाटलीवर षटकोनी खूण असते. ‘ॲबी’ म्हणजे मठ असं लिहिलेल्या बाकीच्या बऱ्याच बिअर साध्या कारखान्यात बनतात. त्या वाईट नसतात, पण ट्रापिस्ट नसतात. ओर्व्हालची गंमत म्हणजे बाटलीत भरताना तिच्यात एक जंगली यीस्ट घालतात, ते महिनोन्‌महिने साखर खात राहतं. ताज्या बाटलीत हॉप्सचा कडू, फुलांसारखा वास पुढे असतो. सहा महिने झाल्यावर तीच बिअर कोरडी होते आणि चामड्याचा, ओल्या गवताचा वास धरते. आमच्यासमोर दोन्ही वयाच्या ठेवल्या, सोबत त्याच मठाचं चीज. दहा जणांत दोन तट पडले. कॅफेत मागताना ‘ताजी की जुनी’ असं विचारलं तर गोंधळू नका. विचारलं नाही तर बाटलीवरची भरल्याची तारीख वाचा.

चौथी वेस्टमाल डुब्बेल, ७ टक्के, तपकिरी. सोबत स्टोफव्लेस, ज्याला फ्रेंच बोलणारे कार्बोनाद म्हणतात. हे गोमांस असतं, तपकिरी बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं. पातेल्यात मोहरी फासलेला ब्रेडचा तुकडा टाकतात, तो विरघळून रस्सा दाट होतो. बिअरचा रंग आणि मनुकांसारखी चव करपवलेल्या साखरेतून येते, रश्शाचा गोडवाही त्याच घराण्यातला, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळतात. गोमांस न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच लिहून कळवावं, ऐनवेळी बदल मिळेलच असं नाही. आमच्यात दोघांना याऐवजी भाजलेले मशरूम दिले. डुब्बेलबरोबर तेही छान जमले.

पाचवी त्याच मठाची त्रिपेल, ९.५ टक्के, सोनेरी. हिच्यासोबत दोन चीज: एक जुनं, घट्ट, खारट, दुसरं हर्व्ह, ज्याचा वास टेबलभर पसरतो आणि चव वासापेक्षा बरीच सौम्य असते. घट्ट चीज सरळ जिंकलं. शेवटी रोशफोर १० आणि ७० टक्क्यांचं काळं चॉकलेट. चॉकलेट फ्रीजमधून थेट आलं असेल तर दहा मिनिटं थांबा. ते तोंडात वितळलं नाही तर बिअरशी गाठच पडत नाही. मिल्क चॉकलेटने मात्र हीच बिअर पातळ आणि कडू लागते, कारण चॉकलेटची साखर बिअरच्या गोडव्यावर मात करते.

तापमानाचा मुद्दा त्रिपेलपासून महत्त्वाचा होतो. गव्हाची बिअर चार-पाच अंशांवर चांगली, त्रिपेल सात-आठवर, रोशफोरसारखी काळी बारा अंशांच्या आसपास. आपल्याला बर्फगार लागते म्हणून तक्रार करू नका. फार गार असली तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं बसा, वास उघडतो. दोन बिअरांच्या मधे पाणी आणि साधा ब्रेड. आणि सोबत नेलेला ठेचा, लसणाची चटणी त्या दुपारी पिशवीतच राहू द्या. अल्कोहोल आणि बुडबुडे तिखटाचा जाळ वाढवतात आणि पुढचे दोन ग्लास वाया जातात.

शाकाहारी लोकांनी तीन ठिकाणी सावध राहावं. फ्राइज पारंपरिकपणे गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तेल कुठलं ते विचारा. चीज क्रोकेट्सच्या सारणात कधी जिलेटिन असतं आणि कढई कोळंबीबरोबर सामाईक असू शकते. आणि मेनूवरचा ‘अमेरिकें’ हा प्रकार म्हणजे बर्गर नव्हे, तो कच्च्या गोमांसाचा खिमा आहे, सँडविचमध्येही हेच नाव. निर्धास्त चकणा हवा असेल तर चीजचे चौकोनी तुकडे मागा. सोबत मोहरी आणि सेलरीचं मीठ येतं.

नंतर स्वतः कॅफेत बसलात तर ट्रापिस्टची बाटली साधारण पाच-सहा युरोंना पडते. टिप सक्तीची नाही. पाणी फुकट येईल असं धरू नका, बाटलीचे पैसे लागतात. स्वच्छतागृहासाठी ५० सेंट ते एक युरोची नाणी खिशात असू द्या. गाडी चालवण्याचा प्रश्नच नाही, मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि वरच्या हिशेबात ती केव्हाच ओलांडली जाते.

घरी न्यायच्या बाटल्या पर्यटकांच्या दुकानाच्या काचेतून उचलू नका. उजेडाने हॉप्स बिघडतात आणि बिअरला घाणेरडा वास येतो, हिरव्या बाटलीत तर फार लवकर. सुपरमार्केटमध्ये तीच बिअर कॅफेच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. बिलात बाटलीचं डिपॉझिट जोडलेलं असतं, रिकाम्या बाटल्या तिथल्याच मशीनमध्ये टाकल्या की परत मिळतं. भारतात येताना प्रौढ माणसाला २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते: ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, किंवा ७५ च्या दोन आणि ३३ ची एक. सहा बाटल्यांचं वजन साडेतीन-चार किलो भरतं, ते चेक-इन सामानात धरा, हातातल्या बॅगेत त्या सुरक्षा तपासणीत काढून घेतील. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवस उभ्या ठेवा म्हणजे हलून वर आलेला गाळ खाली बसेल. लगेच उघडलीत तर फेस ओट्यावर आणि गाळ ग्लासात.