दलाजच्या जयपुरात भर्तृहरी

आवाज आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली गाणी म्हटलं की रिखार्ड श्ट्राउसच्या शेवटच्या चार गाण्यांचं नाव निघतं, फार तर मालेरचं. दोघेही मला प्रिय आहेत. पण रात्री मागचं आवरून झालं की मी हेडफोन लावून कमी वर्दळीच्या गल्ल्यांत शिरते. तिथेच मोरिस दलाज भेटला.

हा फ्रेंच संगीतकार, नामवंत रावेलचा शिष्य आणि मित्र. 1912 मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याच सुमाराला त्याने ‘चार हिंदू कविता’ स्वरबद्ध केल्या. गाण्यांना गावांची नावं दिली: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. शब्द समोर ठेवून ऐकत होते. माझं फ्रेंच जेमतेमच, पण जयपूरला आले आणि सरळ उठून बसले. तिला आठवलंत तर ताप, पाहिलंत तर मन सैरभैर, स्पर्श केलात तर भान हरपतं, मग हिला प्रिया म्हणायचं तरी कसं? अहो, हे तर ‘स्मृता भवति तापाय दृष्टा चोन्मादकारिणी’! भर्तृहरी! (शाळेत नीतिशतक पाठ करून घेतात, शृंगारशतक आपलं आपण शोधावं लागतं.) मग मद्रास पुन्हा लावलं. तेही त्याचंच निघालं: ‘विश्रम्य विश्रम्य वनद्रुमाणां’. 

लाहोरमध्ये मात्र चक्क जर्मन कवी हायने आहे. उत्तरेच्या बर्फातलं एकटं झाड पूर्वेकडच्या ताडाचं स्वप्न पाहतं, ती कविता. आणि संगीत सगळ्यांत हिंदुस्थानी तेच! सुरुवातीलाच चेलोवादक तार छेडतो आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून सरकवत नेतो. मींडच ती. इमदाद खाँच्या सुरबहारच्या (सतारीची मोठी, खर्जातली बहीण) जुन्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत अभ्यासकांनी हा माग काढला आहे. इमदाद खाँ म्हणजे सतारवादक विलायत खाँचे आजोबा. पुढे गायिका तोंड मिटून गुणगुणते, शब्दांवाचून, बराच वेळ. त्या काळात हार्प आणि बासरी शिंपडून ‘पूर्व’ तयार करणारे पॅरिसमध्ये पुष्कळ होते. दलाजने निदान कान देऊन ऐकलं होतं.

14 जानेवारी 1914 ला पॅरिसमध्ये ही गाणी पहिल्यांदा झाली. त्याच कार्यक्रमात रावेलची फ्रेंच कवी मालार्मेच्या कवितांवरची गाणी होती आणि स्त्राविन्स्कीची जपानी गीतंही. ते दोघे जगप्रसिद्ध झाले, दलाज मागे राहिला. गाणी कमअस्सल म्हणून नव्हे. मला तरी हा सरळ हिशेबाचा मामला वाटतो. दोन बासऱ्या, एक ओबो, दोन क्लॅरिनेट, हार्प आणि चार तंतुवाद्यं: एकूण दहा वादक. पियानोच्या साथीने गाणाऱ्या बाईला हा ताफा परवडत नाही, आणि मोठ्या ऑर्केस्ट्राने हे घ्यायचं तर आठ-दहा मिनिटांसाठी बाकीच्यांनी बसून काय करायचं? रावेलच्या त्या गाण्यांचीही अडचण हीच, पण रावेलच्या नावावर तिकिटं खपतात.

ऐकायचं असेल तर जॅनेट बेकरचं मेलॉस एन्सेम्बलबरोबरचं ध्वनिमुद्रण घ्या. डॉन अपशॉनेही गायलं आहे, सुंदर, पण लाहोरसाठी मला बेकरबाईंचा भरदार आवाज हवा. बनारसबद्दल मी गप्प आहे, कारण ते मला अजून पटलेलं नाही. प्रत्यक्ष बुद्धाचा जन्म, आणि गाणं भराभर उरकल्यासारखं वाटतं.