दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, जातं आणि एआय

विषय होता जात्यावरच्या ओव्या. संपादकांनी मुखपृष्ठाचं काम दिलं तेव्हाच ठरवलं, कच्च्या रेखाटनांसाठी या वेळी मिडजर्नी, म्हणजे शब्दांत वर्णन दिलं की चित्र काढून देणारं एआय, वापरून बघायचं. छापायला जाणारं चित्र मात्र मीच काढणार.

चित्रं भराभर निघाली. उजेड तर सुरेख: पहाटेचा निळसर अंधार, चुलीचा तांबूस प्रकाश, हवेत उडणारं पीठ. पण जातं? कुठे त्याचं कुंभाराचं चाक झालेलं, कुठे दगडी भांडं. खुंटा जवळपास कशातच नाही. दोघींनी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायचा आणि एकीने मधूनमधून मूठभर दाणे वैरायचे, हे मिडजर्नीला काही केल्या उमगेना. नऊवारी म्हटलं तरी काष्टा गायब, समोर पाचवारीच्या निऱ्या आणि कपाळावर मांगटिका. अशी मॉडेल्स चित्रं आणि त्यांची वर्णनं यांच्या अफाट साठ्यावर शिकतात. साठ्यात जे मुबलक, तेच आधी वर येतं. नटलेल्या नवऱ्या तिथे ढिगाने असणार, दळणाऱ्या बायका मोजक्या. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला दिलेलं वर्णन, लांबवून हे पूर्ण भरून निघत नाही.

तरी त्या ढिगात एक चौकट मला फार आवडली. थेट वरून पाहिलेली. मध्यभागी दगडाचं वर्तुळ, भोवती पिठाचं कडं. हा कोन मला एरवी सुचला नसता, हे मी मोकळेपणाने सांगते. तेवढा घेतला आणि मिडजर्नी बंद केलं.

पुढचं सगळं संदर्भ बघून. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळाकडे आहे. तिथल्या ओव्या ऐकत, व्हिडिओ थांबवत थांबवत मी हात काढले. खुंट्यावर एकीची मूठ खाली, दुसरीची वर. जातं फिरतं तसे खांदे पुढे झुकतात, त्या झुकण्यात सगळं वजन असतं. चित्र तिथे जिवंत होतं.

अंकाचं नाव मी बोरूनेच लिहिलं. मी वापरलेल्या साधनाला जोडाक्षरं पेलत नव्हती. रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी अर्धवट. आणि छपाईचं गणित वेगळंच: 1024 पिक्सेलची चौकट 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, नऊ सेंटिमीटरही भरत नाही. ताणून मोठी केली की नसलेले बारकावे सॉफ्टवेअर मनाने भरतं. मला ते मुळीच नको होतं.

खरी चर्चा मानधनाची झाली. 'एआय वापरलंत, मग पैसे थोडे कमी करता येतील ना?' असं संपादकांनी विचारलं. मी सगळी रेखाटनं टेबलावर मांडली, मिडजर्नीची ती चौकटही, आणि काय कुठून आलं ते एकेक दाखवलं. मानधन ठरलं होतं तेवढंच राहिलं. श्रेयनामावलीत माझ्या नावाखाली 'प्राथमिक मांडणीसाठी एआयचा वापर' ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली. यापुढच्या प्रत्येक करारात ती आधीच लिहून ठेवणार आहे.