दादाचं दुसरं ऑपरेशन आणि मेणाचे ठोकळे

दादाचं व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी त्याचा डोक्याकडचा भाग काढायचं ऑपरेशन, होऊन दोन वर्षं उलटली आणि रक्तातलं सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरवर नजर ठेवायची तपासणी, चढायला लागलं. ३७ च्या आत हवं, ते शेकड्यांत गेलं. पेट स्कॅनमध्ये गाठ फक्त स्वादुपिंडाच्या उरलेल्या भागात दिसली. परळच्या सर्जननी सरळ सांगितलं: हा कॅन्सर परत येतो तो बहुतेक वेळा लिव्हर किंवा आणखी कुठे पसरूनच, म्हणून दुसऱ्यांदा सहसा कापत नाहीत. एकाच जागी असेल, मधे बराच काळ गेला असेल आणि पेशंटला झेपणार असेल, तरच उरलेलं सगळं काढायचं. आधी केमो ठरली.

आणि जुने ब्लॉक आणायला सांगितले. जुनीच गाठ उलटलीय की ही वेगळीच, हे नव्या बायोप्सीशी ताडून बघायचं होतं.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीहून लहान. तो उपनगरातल्या जुन्या हॉस्पिटलात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "अर्ज आणा." अर्ज नेला तर, "पेशंटची सही?" दादाची सही घेऊन गेलो तर, "हा केस पेपरचा नंबर झाला, बायोप्सी नंबर कुठाय?" तो नंबर पॅथॉलॉजी रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवला असता तर काय बिघडलं असतं? मग म्हणे मॅडम रजेवर, सही त्यांचीच चालते. शेवटी डिपॉझिट भरल्यावर पाकीट मिळालं. काउंटरवरच उघडलं. आत नुसत्या स्लाइड, म्हणजे गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा, ब्लॉक नाहीतच! मी तिथून हललोच नाही. लंच टाइम झाला, खिडकी बंद झाली, उघडली, तेव्हा कुठे आतून ब्लॉक आले. विरारची गच्च लोकल आणि मी पाकीट छातीशी धरून उभा.

तेव्हा पहिल्या ऑपरेशनचा रिपोर्ट हातात आला की लगेच ब्लॉक मागा. सीटीची फिल्म पुरत नाही, सीडीही घ्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. प्लीहाही काढली. प्लीहा गेली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्याच्या लशी ऑपरेशनच्या निदान १४ दिवस आधी घ्याव्या लागतात, ते केमोच्या धावपळीत मागे पडू देऊ नका. स्वादुपिंड उरलंच नाही, म्हणून आता इन्सुलिन जन्मभर, आणि अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर. जेवण झाल्यावर घेऊन तितका उपयोग होत नाही. साखर अचानक उतरते, म्हणून वहिनी दादाच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवते. डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही.